विभंगातल्या मातीचं वय काढताना: कोकणासाठी काही नोंदी

जमिनीतला खडक एखाद्या पातळीवर (तिलाच विभंग म्हणतात) तुटून सरकतो तेव्हा त्या पातळीवरच्या खडकाचं पीठ होतं. हे पीठ पुढे पाणी, दाब आणि उष्णता मिळाल्यावर नुसतं पीठ राहत नाही. त्यात नवी चिकणमातीची खनिजं वाढतात. मऊ, राखाडी किंवा हिरवट, बोटांत घेतल्यावर साबणासारखा लागणारा हा थर म्हणजे गाऊज. त्यात वाढणाऱ्या खनिजांपैकी एक, इलाइट, पोटॅशियम बाळगून असतं. पोटॅशियमचा फार थोडा भाग, ०.०११७ टक्के, किरणोत्सारी पोटॅशियम-४० असतो. त्याचा अर्धायुकाल १२५ कोटी वर्षांचा. त्याच्या शंभर अणूंपैकी सुमारे अकरा आर्गॉन-४० मध्ये बदलतात, उरलेले कॅल्शियममध्ये. इलाइट तयार झालं त्या क्षणापासून हा आर्गॉन स्फटिकात साठत जातो. तो मोजला, पोटॅशियम मोजलं, की इलाइट कधी वाढलं ते कळतं आणि त्यावरून विभंग कधी हलला याचा अंदाज बांधता येतो.

तत्त्व एवढंच आहे. अडचण अशी, की गाऊजमधलं सगळंच इलाइट नवं नसतं. मूळ खडकातलं अभ्रक चिरडून त्यात मिसळलेलं असतं, आणि ते विभंगापेक्षा कितीतरी जुनं असतं. यंत्र दोघांचा आर्गॉन एकत्र मोजतं. म्हणून गाऊजच्या एका नमुन्याचं एकच वय कुणी दाखवलं, तर ते विभंगाचं वय आहे असं मी धरत नाही, मग यंत्र कितीही अचूक असो.

कोकणात हा दोष विशेष जोरात जाणवतो. दक्षिण कोकणात, कणकवली, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीकडे दख्खनच्या बेसाल्टखालचा जुना पाया उघडा पडतो: ग्रॅनाइट, नाइस, क्वार्टझाइट, अभ्रकाचे शिस्ट. इलाइटची पद्धत लावायची तर याच भागात, कारण पोटॅशियम इथे मुबलक आहे. पण याच खडकातलं अभ्रक अतिप्राचीन आहे. हिशेबासाठी समजा, मूळ अभ्रकाचं वय २५० कोटी वर्षं आहे आणि विभंग ६.५ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे दख्खनचे लाव्हा ओतले जात होते त्या सुमारास हलला. दोघांत पोटॅशियम सारखंच आहे असंही धरू. आता नव्या इलाइटमध्ये फक्त १ टक्का जुनं अभ्रक मिसळलं तर मोजलेलं वय येईल ११.६ कोटी. ५ टक्के मिसळलं तर ३०.६ कोटी. १० टक्क्यांना ५१.८ कोटी. यातल्या कुठल्याही आकड्याच्या सुमारास त्या जागी काही घडलेलं असण्याची गरज नाही. ३०.६ कोटी वर्षं हा आकडा प्रयोगशाळेच्या अहवालात अगदी दोन दशांशांपर्यंत छापून येईल, आणि तरीही भूगर्भाच्या इतिहासात त्याला काही अर्थ नसेल.

उत्तर कोकणात, पालघरपासून रत्नागिरीच्या बऱ्याच भागापर्यंत, अडचण उलटी आहे. तिथे बेसाल्ट आहे, त्यात पोटॅशियम मुळातच कमी, आणि चिरडलेल्या बेसाल्टमध्ये वाढतं ते बहुधा स्मेक्टाइट, क्लोराइट, झिओलाइट. इलाइट जवळजवळ नाहीच. गणेशपुरीपासून तुरळ, राजवाडी, राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत किनाऱ्याला समांतर जाणारी गरम पाण्याच्या झऱ्यांची ओळ पाहून तिथल्या भेगांचं वय काढायचा मोह होतो. पण तिथली माती इलाइटच्या पद्धतीला दाद देणार नाही. तिथे विभंगाच्या पातळीवर, घसरणीच्या दिशेने वाढलेले कॅल्साइटचे तंतू मिळाले तर ते युरेनियम-शिशाच्या पद्धतीला द्यावेत. हिरवं सेलॅडोनाइट मिळालं तर त्यात पोटॅशियम असतं, मात्र ते विभंग हलल्यामुळे वाढलं की नुसतं लाव्हातल्या पोकळ्यांतून मुरणाऱ्या पाण्यामुळे, हे आधी ठरवावं लागतं.

म्हणून पुढचं सगळं सिंधुदुर्गाकडच्या जुन्या पायाच्या खडकांसाठी आहे.

नमुना कुठून घ्यायचा यावर निम्म्याहून जास्त निकाल ठरतो. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जांभा तयार करणारं हवामान खडकाला वरून खाली दहा-वीस मीटर, काही ठिकाणी त्याहूनही खोल कुजवतं. कोरड्या प्रदेशांतल्या पद्धतींमध्ये ‘वरचा वीतभर थर काढून टाका’ असं सांगितलेलं असतं. ते इथे पुरत नाही. वीतभर खणल्यावरही तीच कुजलेली गुलाबी-पांढरी माती लागते. त्यामुळे चिरेखाणी या कामाच्या नाहीत. हवी काळ्या दगडाची खोल खाण, तिचा तळ, किंवा महामार्गाच्या रुंदीकरणात नव्याने कापलेल्या डोंगराचा पायथा, बोगदा, किंवा बोअरचा गाभा. परीक्षा सोपी आहे: गाऊजच्या दोन्ही बाजूंचा खडक हातोड्याने खणखणीत वाजला पाहिजे आणि त्यातला फेल्डस्पार (ग्रॅनाइटमधलं फिकट खनिज) चकाकता, कडक राहिलेला असला पाहिजे. फेल्डस्पार नखाने खरवडता आला तर तिथली माती विभंगाची कमी आणि पावसाची जास्त. कोकण रेल्वेच्या कटिंगमध्ये खडक सुंदर उघडे पडलेले दिसतात, पण परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकू नये. दगड सुटण्याचा धोका खरा आहे.

हंगाम जानेवारी ते मार्च. पावसाने गाऊज धुऊन जातो आणि त्या जागी खाच उरते, त्यामुळे पावसाळ्यानंतर विभंगाची रेघ लांबूनही ओळखता येते. गवत वाळल्यावर ती आणखी स्पष्ट होते. खाचेतून पाणी झिरपत असेल तर तिथून नमुना घेऊ नये.

हात लावण्याआधी मोजमाप. पातळीचा कल, दिशा, तिच्यावरच्या घसरणीच्या ओरखड्यांची दिशा, गाऊजची जाडी, त्याच्या आतल्या पट्ट्यांचा रंग. एकाच विभंगात दोन रंगांचे पट्टे शेजारी असतील, एक हिरवट आणि एक राखाडी, तर ते दोन वेगळे नमुने आहेत, कारण विभंग दोनदा हललेला असू शकतो. ते एकाच पिशवीत गेले तर हा पुरावा कायमचा गेला. प्रत्येक पट्ट्यातून अर्धा ते एक किलो घ्यावं. हे फार वाटेल, पण ०.१ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांचा अंश, म्हणजे वेगळा केलेला भाग, त्यातून शेवटी काहीशे मिलिग्रॅमच निघतो, कधी तेवढाही नाही. लोखंडी पहारीने खरवडण्यापेक्षा स्वच्छ कर्णी वापरावी. शिवाय विभंगापासून काही मीटर दूरचा, न चिरडलेला मूळ खडकही घ्यावा. तो अनेक जण घेत नाहीत आणि पुढे अडकतात. जुन्या अभ्रकाचं वय खरोखर किती, आणि दूरच्या खडकातही नवं इलाइट वाढलंय का, ही दोन्ही उत्तरं त्यातूनच मिळतात.

किनाऱ्यावर भरतीच्या रेषेत उघडा पडलेला गाऊज मोहात पाडतो, कारण तो लाटांनी स्वच्छ झालेला असतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ०.४ ग्रॅम पोटॅशियम असतं. स्मेक्टाइटच्या थरांमध्ये ते सहज शिरतं. हे पोटॅशियम आर्गॉनविना आलेलं असल्यामुळे वय खोटं कमी दिसतं. असा नमुना घ्यावाच लागला तर आधी कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाने दोन-तीनदा धुऊन अदलाबदल होणारं पोटॅशियम बाहेर काढावं, मग शुद्ध पाण्याने क्लोराइड जाईपर्यंत धुवावं.

प्रयोगशाळेत पहिली चूक होते ती दळण्याची. बॉल मिल किंवा डिस्क मिल वापरली की मूळ खडकातलं जाड अभ्रक आणि फेल्डस्पार दळून बारीक अंशात येऊन बसतात. वरच्या हिशेबातला १ टक्का आठवा. एरवी ते अभ्रक जाड म्हणून तळाशी बसून आपोआप वेगळं झालं असतं. म्हणून दळू नये, गोठवावं. बोराएवढे तुकडे शुद्ध पाण्यात भिजवून प्लास्टिकच्या बाटलीत दोन तृतीयांश भरावेत, वजा २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवावेत, दिवसा बाहेर वितळू द्यावेत. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि कणांना एकमेकांपासून सोडवतं. काचेची बाटली फुटते, म्हणून प्लास्टिक. मऊ गाऊज आठ-दहा फेऱ्यांत सुटतो, घट्ट असेल तर खूप जास्त लागतात. वीज गेली तर बिघडत नाही, वितळणं हा कामाचाच भाग आहे. पाणी विहिरीचं किंवा नळाचं चालणार नाही. त्यातल्या क्षारांनी माती गुठळ्या करून बसते.

मातीत कॅल्साइट असेल तर सौम्य ॲसिटिक आम्ल वापरावं. हायड्रोक्लोरिक आम्ल क्लोराइटला आणि इलाइटच्या कडांनाही खातं. जांभ्याच्या मुलखात लोहाचे ऑक्साइड हमखास येतात. तांब्याच्या नळीच्या एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिजं ओळखणाऱ्या) यंत्रात लोह स्वतः चमकतं आणि आलेखाची पार्श्वभूमी इतकी वर उचलतं की लहान शिखरं बुडून जातात. ते डायथायोनाइट-सायट्रेटने काढावं, पण सोडियमचे क्षार घेऊन. या सगळ्या कामात पोटॅशियमचं एकही रसायन बाकावर असू नये.

मग कणांची विभागणी. २ मायक्रॉनचा कण २० अंशांच्या पाण्यात १० सेंटिमीटर खाली यायला ७ तास ४४ मिनिटं लागतात. पुस्तकांतले तक्ते बहुधा याच तापमानाचे असतात. कोकणात वातानुकूलन नसलेल्या खोलीत पाणी सहज ३० अंशांवर असतं, पाण्याची श्यानता (दाटपणा) कमी होते आणि तोच कण ६ तास १० मिनिटांत तेवढंच अंतर कापतो. तक्ता तसाच वापरला तर १० सेंटिमीटरवर अपेक्षेपेक्षा बारीक अंश उरतो आणि उतारा कमी पडतो. एका नमुन्याला एक तापमान आणि दुसऱ्याला दुसरं असं झालं तर दोन नमुन्यांचे अंश एकमेकांशी ताडताच येत नाहीत. बीकरमध्ये तापमापी ठेवावा आणि त्या तापमानाचा वेळ स्वतः काढावा. खिडकीतून ऊन येणारी जागा टाळावी. एका बाजूने पाणी तापलं की आत प्रवाह फिरतो आणि जाड कण वर येतात. कण सुटे राहावेत म्हणून लिटरमागे अर्धा ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट पुरतं.

०.२ मायक्रॉनच्या कणाला हेच अंतर शंभरपट वेळ घेईल, म्हणजे महिनाभर. तिथे सेंट्रिफ्यूज हवाच. त्याच्या हिशेबात अक्षापासून द्रवाच्या वरच्या पातळीपर्यंतचं आणि गाळापर्यंतचं अंतर मोजून घालावं, आणि वेग घ्यायला व थांबायला लागणारा वेळही धरावा. किमान चार अंश करावेत: २ ते ०.५, ०.५ ते ०.२, ०.२ ते ०.१, आणि ०.१ मायक्रॉनखालचा. जमलं तर ०.०५ खालचाही. एकदाच निथळून भागत नाही. जाड अंशात बारीक कण अडकून राहतात, म्हणून प्रत्येक अंश चार-पाच वेळा पुन्हा हलवून निथळावा. उलट, बारीक अंशात जाड कण येणं हा जास्त मोठा गुन्हा आहे. वरचं पाणी काढताना गाळाजवळचं शेवटचं बोटभर पाणी सोडून द्यावं.

आता एक्सआरडी. आधी काचेवर माती पसरून, वाळवून, थर आडवे बसलेला नमुना. हवेत सुकवलेला, इथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत ठेवलेला आणि ५५० अंशांना तापवलेला, असे तिन्ही आलेख घ्यावेत. आलेखातली शिखरं स्फटिकातल्या थरांमधलं अंतर दाखवतात, अँगस्ट्रॉममध्ये (मिलिमीटरचा कोटीवा भाग): स्मेक्टाइट ग्लायकॉलमध्ये १७ अँगस्ट्रॉमपर्यंत फुगतं, केओलिनाइटचं ७ अँगस्ट्रॉमचं शिखर तापवल्यावर मोडतं, इलाइट १० वर तसंच राहतं. कोकणातला खास फसवा भिडू म्हणजे हॅलॉइसाइट. कुजलेल्या ग्रॅनाइटमध्ये ते असू शकतं, ओलं असताना त्याचं शिखरही १० अँगस्ट्रॉमलाच येतं, आणि त्यात पोटॅशियम नसतं. सुमारे १०० अंशांना तापवल्यावर ते ७ च्या जवळ सरकलं तर ते हॅलॉइसाइट.

नवं आणि जुनं वेगळं करणारी मोजणी मात्र या आडव्या नमुन्यावर होत नाही. तिला कण सर्व दिशांना विस्कटलेले हवेत. कमी तापमानाला विभंगात वाढलेलं इलाइट १एम किंवा १एमडी रचनेचं असतं, मूळ खडकातलं अभ्रक २एम१ रचनेचं (ही स्फटिकाचे थर एकावर एक रचले जाण्याच्या पद्धतींची नावं). २एम१ ची शिखरं ३.८८, ३.७२, ३.४९, २.९८, २.८६, २.७९ अँगस्ट्रॉमला दिसतात. १एम ची ३.६६ आणि ३.०७ ला. १एमडी ला स्वतःचं नीट शिखर नसतं, नुसता फुगवटा असतो, म्हणून दोन शिखरांच्या उंचीचं गुणोत्तर काढून काम भागत नाही. दोन्ही रचनांचे गणिती आलेख वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून मोजलेल्या आलेखाशी जुळवावे लागतात. ३.२४ ला पोटॅश फेल्डस्पारचं शिखर आहे का, ते आवर्जून पाहावं. असेल तर तो अंश वयासाठी बाद. माती होल्डरमध्ये वरून दाबून भरली तर थर पुन्हा आडवे होतात आणि २एम१ ची शिखरं दबतात. ती बाजूने हलकेच भरावी, त्याआधी फ्रीझ-ड्राय केलेली असली तर उत्तम.

आर्गॉनच्या मोजणीबद्दल थोडक्यात. बारीक मातीला हवेतला आर्गॉन चिकटतो, तो निर्वातात सुमारे ८० ते १०० अंशांवर रात्रभर ठेवून घालवावा. किरणोत्सारातून आलेला आर्गॉन एकूण आर्गॉनच्या २० टक्क्यांखाली असेल तर आकड्यावर फार विसंबू नये. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीत दोन्ही घटक वेगवेगळ्या तुकड्यांवर मोजतात, म्हणून काही दहा मिलिग्रॅम एकजीव माती लागते. आर्गॉन-आर्गॉनला काही मिलिग्रॅम पुरते. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत या पद्धतीची राष्ट्रीय सुविधा आहे. पण या पद्धतीत नमुन्यावर न्यूट्रॉनांचा मारा करतात आणि पोटॅशियम-३९ पासून झालेला आर्गॉन-३९ चा अणू सरासरी ०.०८ मायक्रॉन उडतो. इलाइटचा स्फटिक त्याहून पातळ असतो, त्यामुळे हा आर्गॉन तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, कधी त्याहून जास्त, बाहेर निसटतो आणि वय खोटं वाढतं. म्हणून माती आधी निर्वात काचेच्या कुपीत सील करावी लागते, आणि कुपी फोडताना निघालेला वायूही हिशेबात घ्यावा लागतो. कुपीविना केलेलं बारीक इलाइटचं आर्गॉन-आर्गॉन वय वापरू नये.

शेवटी आलेख. आडव्या अक्षावर प्रत्येक अंशातलं २एम१ चं प्रमाण, आणि रेषा शून्य टक्क्यांपर्यंत, म्हणजे जुनं अभ्रक अजिबात नसलेल्या बिंदूपर्यंत, वाढवायची. उभ्या अक्षावर वय घेऊ नये, आर्गॉन-पोटॅशियमचं गुणोत्तर घ्यावं. मिश्रणात सरळ रेषेत बदलतं ते गुणोत्तर, वय नव्हे. वरच्याच उदाहरणात ५ आणि १० टक्क्यांची वयं सरळ रेषेने जोडून शून्यापर्यंत नेली तर उत्तर येतं ९.३ कोटी, खरं असताना ६.५ कोटी. अंशांमधलं पोटॅशियम बरंच वेगळं असेल तर प्रमाणालाही त्यानुसार वजन द्यावं लागतं.

त्रुटी मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवी. २एम१ चं प्रमाण मोजण्यात २ ते ५ टक्क्यांची चूक राहतेच. मूळ अभ्रक २५० कोटी वर्षांचं असेल तर शून्याजवळ १ टक्क्याची चूक म्हणजे सुमारे ५.१ कोटी वर्षांची चूक. अशा खडकात नुसती रेषा वाढवून मिळालेल्या वयावर माझा विश्वास बसत नाही. मी पाहतो ते सर्वांत बारीक दोन अंशांकडे: ०.१ आणि ०.०५ मायक्रॉनखालच्या अंशांत २एम१ चं एकही शिखर नसेल आणि दोघांची वयं त्रुटीच्या मर्यादेत जुळत असतील, तर ते वय धरावं. बारीक होत जाताना वय घसरतच राहिलं, तर जुना भाग अजून आत आहे, आणि शेवटचं वय ही फक्त वरची मर्यादा.

जुळलेलं वय ६ ते ७ कोटींच्या दरम्यान आलं, तर घाई करू नये. दख्खनचे लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, सेशल्स भारतापासून तुटलं ते सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी, आणि त्या काळात कोकणचा किनारा ताणला जात होता, म्हणून हे वय मनाला लगेच पटतं. पण लाव्हाच्या उष्णतेने फिरलेलं गरम पाणी विभंग न हलताही इलाइट वाढवू शकतं. इथेच तो दूरचा मूळ खडक कामी येतो. त्यातही त्याच वयाचं १एम इलाइट निघालं तर आपण विभंग नव्हे, उष्णता मोजली. आणि विभंग २८० अंशांहून जास्त तापमानाला हलला असेल तर नवं इलाइटही २एम१ होऊ शकतं, मग संपूर्ण विभागणीच कोसळते. सोबतची खनिजं पाहून तापमानाचा अंदाज आधी घ्यावा.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि चिपळूण, संगमेश्वरच्या माणसांना विभंग म्हटलं की तोच आठवतो. गाऊजचं वय कळलं तर ‘हा विभंग जिवंत आहे का’ हेही कळेल, अशी अपेक्षा रास्त आहे, पण ही पद्धत ते सांगू शकत नाही. गेल्या काही हजार वर्षांत साठणारा आर्गॉन मोजण्याइतका नसतोच. शिवाय उथळ, थंड खडकात झालेली अलीकडची हालचाल नवं इलाइट वाढवत नाही, जुनंच पुन्हा चिरडते. ६ कोटींचं इलाइट बाळगणारा विभंग मागच्या शतकातही हललेला असू शकतो. त्या प्रश्नासाठी विभंगावरच्या नदीच्या गाळात खंदक खणून, तुटलेल्या थरांतल्या कोळशाचं रेडिओकार्बन आणि वाळूचं प्रकाशदीप्ती वय (ती शेवटची उजेडात कधी होती ते) काढावं लागतं.